गोल प्रशस्तिपत्र

हंगाम संपला. टिळकवाडीत, दुसऱ्या गेटजवळ,
मुचंडीच्या गिरणीच्या माडीवर
आम्ही अकरा मॅनेजर जमलो.
नऊ जणांनी खरा बास्केटबॉल कधी हातात धरलेला नाही.
एकाने झेलला होता, शाळेत, नाकावर.
उरलो मी. माझं विचारू नका.

बक्षिसं पाच मिनिटांत ठरली.
कागदावर वरती कुठली भाषा, यात दोन तास गेले.
हुक्केरी म्हणाला कन्नड. येळ्ळूरकर म्हणाला मराठी.
आंतोन म्हणाला, इंग्लिश टाका,
सगळे सारखेच नाराज होतील.
शेवटी कागद गोल कापायचा ठरला.
गोलाला वरचं टोक नसतं.
आता वाचायचा तर स्टिअरिंगसारखा फिरवत राहायचा,
गाडी कुठल्या गावाला लागते ते बघत.

तर,
सुवर्ण शवासन : भरमा हलगेकर.
एकशे चाळीस दिवसांत संघ एकदाही लावला नाही.
याचा एक गडी, गुडघा मोडलेला,
कॉम्प्युटरने रोज चौतीस मिनिटं पळवला.
भरमा म्हणतो, "रोप लावलं की रोज उपटून बघतंय काय कोण?"

हातरुमाल पदक : निपाणीचा दस्तगीर मुल्ला.
आजोबा तंबाखूच्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबायचे,
हा रात्री दीडला, चादरीखाली.
एकसष्ट अदलाबदली.
एक पोरगा सकाळी विकला
आणि दिवेलागणीला दुप्पट दामानं परत आणला.
का रे? तर म्हणे, "संघ सुना वाटाय लागला."

पंचाला शिव्या घालण्याबद्दल : शिवानंद हुक्केरी.
पंच नाहीच आहे, शिवानंद.
नुसते आकडे आहेत.
"मग आकड्यांना कुणीतरी पैसे चारलेत री!"

आंतोन फर्नांडिसला वृद्धाश्रम चषक.
अडतीस वर्षांचा सेंटर, उडी शंभरपैकी बारा,
फ्री थ्रो टाकला की बाजूच्या मॅचमध्ये पडतो.
काढून टाक म्हटलं तर कॅम्पातल्या घराच्या पायरीवर बसून
आंतोन हळू म्हणाला,
"मी सोडला तर त्याला घेणार कोण?"
तेव्हा कुणी हसलं नाही.
नंतर आठवून आठवून हसलो.

आणि उत्कृष्ट प्रशिक्षक :
वडगावातली गेलेली लाइट.
फायनलच्या रात्री येळ्ळूरकर रागारागानं
आपला सगळ्यात चांगला गडी बाकावर बसवणार,
बोट बटणाच्या वर, एवढ्यात अंधार.
जुनाच संघ खेळला. एका गुणानं जिंकला.
चषक मीटरच्या पेटीवर ठेवलाय,
मीटर रीडर आला की नमस्कार करतो की चषकाला.

राहिला बारावा संघ. नाव : तिसरं गेट.
मॅनेजर कोण, यारिगे गोत्तु.
तीन हंगाम झाले, ना एक निरोप, ना एक शिवी,
फक्त दर रविवारी कुणाला तरी चाळीस गुणांनी धुतो.
अकराजण एकमेकांकडे संशयानं बघतो.
त्याला मौनव्रत पारितोषिक, अर्धा किलो कुंदा.
द्यायचा कुणाला?
ठेवला मल्लाप्पाच्या झेरॉक्सच्या टेबलावर,
"कोण मागायला आलं तर सही घे."

मल्लाप्पा गेली तीन वर्षं आमची टिंगल करतो.
पोरांनो, नसलेल्या चेंडूमागं नसलेले पाय पळवता,
लग्न करा, साकु.
परवा मात्र गोल कागद कापताना
पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुंदा गेलेला.
वहीत सही नाही,
एक अंगठा,
टोनरनं काळा, स्पष्ट, रेषा न् रेषा दिसणारा.

मी मल्लाप्पाकडे बघितलं.
तो मशीनच्या झाकणाखाली वाकून
कुणाचं तरी रेशनकार्ड सरळ करत होता.
मी वही मिटली.

बाकीच्या दहांना सांगणार नाही.
रविवारी त्याच्याशीच माझी मॅच आहे,
आणि त्याच्याकडे एक पॉइंट गार्ड जादा आहे.